डावीकडचे व्याही

संत्र्यांच्या ढेरापुढे उभे राहिले की ते आधी डोळे चोळायचे. तुम्ही-आम्ही चोळतो तसे नाही. दोन्ही मुठी वळायच्या आणि बोटांच्या पेरांनी, कणीक तिंबावी तसे, मन लावून. मग लाल झालेल्या डोळ्यांची उघडझाप करायची, खांद्यावरच्या दुपट्ट्याने गालावरचं पाणी पुसायचं आणि जमलेल्या व्यापाऱ्यांना म्हणायचं, "माल मंग पाहा. आधी माझ्याकडे पाहा."

आणि ती सगळी बेरकी माणसं, जी सख्ख्या भावाकडेही सरळ पाहत नाहीत, ती शाळेतल्या पोरांसारखी त्यांच्याकडे पाहायची.

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत, एका जुन्या अडतीवर, ते बोली पुकारायचे. मंडीत त्यांना सगळे बोलीवाले म्हणत, मीही तेच म्हणतो. ते मला भोंगेवाले म्हणायचे, कारण माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. दुकान मंडीच्या फाटकासमोर. लग्नं नसली की मी मोकळा, आणि मोकळ्या माणसाला मंडीसारखं थेटर नाही. तिकीट नाही, पडदा नाही, आणि नट सगळे अस्सल.

आता तुम्ही म्हणाल, बोली म्हणजे आरडाओरडा. या अडतीवर तसं नव्हतं. ओरडायचे फक्त बोलीवाले. व्यापारी बोलायचे डोळ्यांनी. त्याला कारण होतं. इथे साडू साडूच्या विरोधात बोली लावतो, मेहुणा भाऊजींच्या विरोधात. तोंडाने उघड भाव चढवला तर संध्याकाळी एकाच पंगतीत बसायचं कसं? म्हणून प्रत्येकाची आपापली खूण. कुणी भुवई उचलायचा, कुणी डावा डोळा बारीक करायचा. एक जण नुसतं आभाळाकडे पाहायचा, जणू भाव नाही, पावसाचा अंदाज घेतो आहे. बोलीवाले आकडा चढवत न्यायचे आणि शेवटी जाऊन एकाच्या खांद्यावर हात ठेवायचे. ढेर त्याचा. मध्ये कोण कोण होतं, कोण कुठे थांबलं, हे फक्त त्यांना माहीत, आणि ते कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. सगळी मंडी एका माणसाच्या नजरेवर चालायची म्हणा ना.

मी कितीदा म्हटलं, बोलीवाले, एक माइक लावून देतो, फुकट. ते हसायचे. "आवाजाचं कायले, भोंगेवाले? काम तर डोळ्याचं आहे."

आणि डोळे हे असे.

दसऱ्याच्या आसपास अंबिया बहाराचा माल यायला लागायचा, त्यासोबत त्यांच्या डोळ्यांचाही हंगाम सुरू व्हायचा. पेट्या भरायला धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, यायचा. बाया ते झटकून झटकून पेटीत घालायच्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची धूळ सोन्यासारखी तरंगायची. मंडीच्या भिंतीला लागून गाजर गवत पांढरं फुललेलं. पलीकडे जिनिंगमध्ये नवा कापूस आलेला. या तिन्हींच्या मधोमध हे गृहस्थ, तिगावच्या घरून मोपेडवर वारा खात आलेले. नाकात सुरसुर, डोळ्यांत खाज, पापण्या भज्यासारख्या फुगलेल्या. चोळलं की क्षणभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट खाजायचं.

आपल्याकडे डोळा दुखणाऱ्याला डॉक्टरची वाण नसते. गुलाबजल, धन्याचं पाणी, शेळीचं दूध, सगळं झालं. कुणीतरी मध सांगितला. मधाच्या दिवशी त्यांना बोली दिसली नाही आणि माश्यांना ते दिसले. घरी त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, दृष्ट काढली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या मिरच्यांचा धूर डोळ्यांत गेला आणि दुसऱ्या दिवशी ते एका डोळ्याने मंडीत आले.

एका वर्षाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. त्या पावसाळ्यात गावात डोळ्यांची साथ आली होती. पोळा झाला, गणपती गेले, तरी साथ हटेना. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात, यावर आपल्या लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास. हंगामाचा पहिला माल आला आणि मंडीत जिकडेतिकडे काळे गॉगल. धोतरावर गॉगल, टोपीखाली गॉगल. मी दुकानाच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होतो. बोलीवाले आले, डोळे चोळले, आणि पाहतात तर समोर एकाचाही डोळा दिसेना. वरून त्यांचे स्वतःचे डोळे पळसासारखे लाल, म्हणून ते पाहतील तिकडचा माणूस मान फिरवायचा.

"अरे, माझे आले नाहीत," ते सांगत होते. "माझे दर वर्षी असेच राहतात. दोन्हीकडून खाजवते, नुसतं पाणी जाते. पिचोड्या नाहीत, चिपडानं चिकटत नाहीत. तुमाले काही होत नाही."

कोणी ऐकेना. शेवटी ते ढेराकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे राहिले. "काढा गॉगल. मी आकडा पुकारून होईपर्यंत डोळे मिटून आहो. मंग एकदाच पाहीन." लोकांनी गॉगल काढले. ते गर्रकन वळले, एक नजर टाकली, परत पाठ. असं दर आकड्याला. अडतीवर त्या दिवशी जे नृत्य झालं तसं मी माझ्या मंडपात आजवर पाहिलेलं नाही. आणि तरीही एक बोली चुकली नाही. एका नजरेत त्यांना सगळे दिसायचे, समोरचे, कडेचे, खांबाआडचे. तेव्हा दिसायचे.

त्याच हिवाळ्यात खाज फार वाढली म्हणून ते एकदा रीतसर डॉक्टरांकडे गेले. तिथे एक लहानशी बाटली मिळाली. थोडे दिवस टाका आणि परत दाखवायला या, असं सांगितलं होतं. दोन थेंब पडले आणि संध्याकाळपर्यंत डोळे धुतलेल्या काचेसारखे. खाज नाही, लाली नाही. बोलीवाले मंडीभर बाटली दाखवत फिरले. परत दाखवायला कशाला जायचं? बरं झालेलं डॉक्टरला दाखवतं का कोणी? पुढे बाटली संपली की रिकामी घेऊन औषधाच्या दुकानात जायचं आणि भरलेली घेऊन यायचं. वर्षानुवर्षं हेच. डावा डोळा जास्त खाजायचा, त्यात थेंबही जास्त. पेट्या भरणाऱ्या एका बाईचे डोळे खाजून लाल झाले तर तिलाही त्यांनी एक बाटली आणून दिली. दिलदार माणूस. अमृत सापडलं तर एकट्याने कसं प्यायचं?

मधल्या काळात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. मांडव माझाच. मुलगी सौसरला दिली, आणि मुलाचा बाप कोण, तर या अडतीवर वर्षानुवर्षं माल घेणारा एक व्यापारी. धिप्पाड, कमी बोलणारा, मानी माणूस. त्याची बोलीची खूण मला फार आवडायची. तो दोन्ही डोळे सावकाश मिटायचा आणि सावकाश उघडायचा, देवळात आरतीला मिटावेत तसे.

लग्नानंतर एक बदल झाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाचं नातं म्हणजे काचेचं भांडं. हा माणूस आधी बोलीवाल्यांच्या अगदी समोर उभा राहायचा. आता तो तिथून हटून बोलीवाल्यांच्या डाव्या कडेच्या खांबाजवळ जाऊन उभा राहायला लागला. कोणी म्हणायला नको की इवाई समोर उभा राहून भाव पाडतो. रीत म्हणून, मान म्हणून. मंडीने मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली.

आणि पाहता पाहता असं व्हायला लागलं की त्याच्या खांद्यावर बोलीवाल्यांचा हात पडेना.

पहिल्या हंगामात लोकांना ते फार आवडलं. चहाच्या टपरीवर चर्चा, माणूस असावा तर असा, सख्ख्या इवायाकडे ढुंकून पाहत नाही. मीही दोन-चार ठिकाणी तिखटमीठ लावून सांगितलं. सांगण्यासारखीच गोष्ट होती. बोलीवाल्यांच्या कानावर गेलं तर ते नुसते हसले. त्यांना वाटलं, इवायाला यंदा माल नको असेल, म्हणून खूण करत नाही. आणि इवायाला वाटलं, लोकांत नाव व्हावं म्हणून हा माणूस मला मुद्दाम डावलतो आहे.

दुसऱ्या हंगामात ते काचेचं भांडं तडकलं. टपरीवर, माझ्यादेखत.

"इवाई," सौसरचे व्याही म्हणाले, आवाज चढवला नाही, पण कप खाली ठेवला. "मी सकाळपासून मागून राहिलो. तुम्ही पाहूनच नाही राहिले."

"नातं घरी," बोलीवाले म्हणाले. "मंडीत मले सगळे सारखे."

"सारखेच पाहिजे न. मी कुठं जास्ती मागून राहिलो? सारखंच मागून राहिलो."

बोलीवाल्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. त्यांना वाटलं, माणूस चक्क तोंडावर खोटं बोलतो आहे; मी तिकडे पाहिलं होतं, तिथे खूण नव्हती. व्याह्यांना वाटलं, हा तोंडावर अपमान करतो आहे. दोघेही सरळ माणसं, आणि दोघांनाही दुसरा लबाड वाटत होता. चहाचे पैसे दोघांनी वेगवेगळे दिले. नात्यात ते फार वाईट लक्षण.

संक्रांतीला मुलीला माहेरी धाडलं नाही. भांडण नाही, निरोप नाही, नुसतं धाडलं नाही. काकूंनी तिळाचे लाडू करून ठेवले होते. मुलगी फोनवर बोलायची ती दुसऱ्याच गोष्टी बोलायची, आणि काकू फोन ठेवून अंगणात जायच्या. मंडीतही वारं फिरलं. आता लोक म्हणायला लागले, फक्त इवाईच नाही, डाव्या बाजूच्या कोणालाच माल लागत नाही. उजवीकडच्यांशी काही साटंलोटं असेल. जो माणूस कधी कोणाचा चहा प्यायला नाही, त्याच्याविषयी हे.

एका दुपारी ते माझ्या दुकानात येऊन गादीवर बसले. खिशातून बाटली काढली, मान मागे टाकून थेंब सोडले, आणि तशीच मान मागे ठेवून विचारलं, "भोंगेवाले, मी बेइमान दिसतो का तुले?"

मी काहीतरी विनोद केला. आता आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतला.

आता माझी एक जुनी खोड सांगतो. बोली ऐन रंगात आली की मी डावीकडच्या तणसाच्या ढिगाजवळ उभा राहून त्यांना वेडावायचो. कधी व्याह्यासारखे डोळे मिटायचो, कधी संत्र्याच्या सालीचे दात लावायचो. ते पुकारता पुकारता माझ्याकडे डोळे वटारायचे, पण मिशीत हसू असायचं. त्या हिवाळ्यात मी दात लावले, ते हसले नाहीत. मला वाटलं, मनःस्थिती बरी नाही. दुसऱ्या दिवशी मी रिकामी टोपली डोक्यावर घातली आणि दुपट्टा पदरासारखा घेऊन लाजलो. सगळी डावी बाजू हसून लोटपोट. बोलीवाल्यांनी दचकून तिकडे मान वळवली, सगळी मान, बैलाने वळवावी तशी, आणि मग त्यांना मी दिसलो.

माझ्या डोक्यावरची टोपली तशीच राहिली. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो.

बोली संपल्यावर मी त्यांना म्हटलं, माझ्या नाकाकडे पाहा. आणि बाजूने हात हलवत आणला. उजवीकडून आणला तर म्हणाले, दिसला. डावीकडून आणत गेलो, आणत गेलो, बोट पार नाकाजवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "हाव, आला." मग माझं तोंड पाहून चिडले. म्हणाले, नौटंकी घरी करत जा. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला निघालो.

डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बरंच तपासलं आणि मग एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बोलीवाल्यांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तर माझंच काम झालं." दुपट्टा सारखा केला आणि ऐटीत बसले. कोपऱ्यातला इशारा पकडायचा, त्यातच त्यांचा जन्म गेला होता.

बाहेर आले ते नाराज. म्हणाले, यंत्र बिघडलेलं आहे. मध्ये मध्ये दिवे लागतच नव्हते, मी नुसता बसून होतो.

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, दिवे पूर्ण वेळ लागत होते."

मग त्यांनी विचारलं, डोळ्यांत काही टाकता का? बोलीवाल्यांनी अभिमानाने बाटली टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली, वाचली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. डोळ्यांची ती खाज म्हणजे ॲलर्जी. तणसाची धूळ, गवताची फुलं, कापसाचं तूस, असं काहीतरी डोळ्याला खपत नाही, आणि डोळा चिडतो. त्रास फार, पण तिने सहसा कोणी आंधळं होत नाही. बाटलीतलं औषध मात्र जोरकस, स्टेरॉइडचं. डॉक्टर देतात ते थोड्या दिवसांसाठी, आणि तेही डोळ्यावर नजर ठेवून. वर्षानुवर्षं टाकलं की काहींच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आतली नस दबते आणि कडेची नजर मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. समोरचं अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. त्यांचा डावा डोळा जास्त गेला होता.

"गेलं ते परत येणार नाही," बाई म्हणाल्या. "राहिलं आहे ते आपण सांभाळू. पण सांभाळायचं तुम्हाला, रोज."

मला वाटलं, माणूस खचेल. बोलीवाल्यांनी दुपट्ट्याची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी बेइमान नव्हतो."

बाईंना काही कळलं नाही. त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी औषधांची चिठ्ठी उचलली आणि ती वाचायचं सोंग केलं.

परतीच्या गाडीत त्यांनी खिडकी घेतली. नवी औषधं पिशवीत. काटोल गेलं, नरखेड गेलं, संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या. ते माझ्याकडे वळले. "मंग इवाई खरंच मागून राहिले होते."

मी मला सुचला तो मार्ग सांगितला. कोणाला काही सांगायची गरज नाही. व्याह्यांना घरी बोलावून कानात सांगा, समोर उभे राहायला लावा. आणि डाव्या बाजूला मी उभा राहीन. कोणी खूण केली की खोकेन. एक खोकला म्हणजे खांबाजवळचा, दोन म्हणजे भिंतीजवळचा. मी लगेच खोकूनही दाखवला, समोरच्या बाकावरच्या बाईने पदर नाकाला लावला. योजना झकास होती. मी आजही म्हणेन, झकास होती.

बोलीवाल्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. "अन् बाकीचे?" ते म्हणाले. "डाव्या बाजूले एकटा माझा इवाईच उभा होता का?"

मी त्यांना समजावलं. हे बोललात की काम गेलं. आणि काम गेलं एवढंच नाही, आजवरच्या एकेका बोलीवर लोक बोट ठेवतील. कोणाचा ढेर कोणाला गेला, कोणाची खूण हुकली. त्यांनी मान हलवली, म्हणजे मी बरोबर बोलतो आहे अशी. आणि मग बाहेर पाहत बसले. उजव्या खिडकीतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढेर लागले. ते आले, उभे राहिले. हात वर उचलला, डोळ्यांपर्यंत गेला, आणि त्यांनी तो खाली घेतला. खाजवत असणार, तणस तर तेच होतं. त्यांनी दुपट्ट्याच्या ओल्या टोकाने डोळे नुसते टिपले.

"आज बोली मी नाही पुकारत," ते म्हणाले. "मले डाव्या बाजूचं दिसत नाही. कधीपासून दिसत नाही, ते मलेच मालूम नाही. मागचा हंगाम अन् हा हंगाम, डावीकडून ज्याने ज्याने मागतलं अन् मी दिलं नाही, त्याने खरं मागतलं होतं. मी पाहिलं नाही. काल डॉक्टरनं सांगतलं."

बाया तणस झटकायच्या थांबल्या. अडतीचे मालक कुठेतरी खाली पाहत होते. मागून कोणीतरी म्हणालं, आता सांगून काय फायदा, आमचा माल तर गेला. बोलीवाले त्याच्याकडे वळून म्हणाले, "हाव. गेला." आणखी काही नाही. सफाई नाही, कारण नाही, बाटलीचं नावसुद्धा नाही.

खांबाजवळून व्याही निघाले. सावकाश चालत ते बोलीवाल्यांच्या समोर येऊन उभे राहिले, रीत मोडून. मला वाटलं, आता दोघे गळ्यात पडतील. माझ्यातला मंडपवाला तयारच होता. पण ते पडले नाहीत. व्याह्यांनी घसा साफ केला.

"सांगाचं न मंग, इवाई."

"मलेच कुठं मालूम होतं."

व्याही खाली ढेराकडे पाहत राहिले. एक संत्रं पायाने उगाच आत सरकवलं. मग, जणू भावाचंच बोलत आहेत असं म्हणाले, "पोरगी उद्या येते. चार दिवस ठेवून घ्या."

बोलीवाले त्यानंतर मंडीत पुकारायला उभे राहिले नाहीत. लोकांनी बोटं ठेवली, मी म्हटलं होतं तशी. काहींनी अजूनही उचललेली नाहीत. आता अडतीवर उघड बोली होते, तोंडाने. एक तरुण मुलगा पुकारतो, माइक माझा, भाडं दरमहा. डोळ्यांनी बोलणारी माणसं आता ओरडतात, आणि ती ओरडताना इतकी साधी दिसतात की मला पायरीवर बसून पाहावंसंही वाटत नाही.

बोलीवाले यायचे मधून मधून, पण वेगळ्या कामाला. पहिल्यांदा आले ते थेट त्या पेट्या भरणाऱ्या बाईकडे गेले आणि हात पुढे करून म्हणाले, "बाई, ती बाटली दे." तिला वाटलं, दिलेलं परत मागतात. ती रागावली. त्यांनी तिला तिथेच, तणसाच्या ढिगावर बसून, सगळं समजावलं आणि डोळे तपासायला पाठवलं. तिचे वाचले होते. मग त्यांना छंदच लागला. टपरीवर कोणी डोळे चोळताना दिसला की हे लांबून हाक मारणार. चोळू नको बावा, चोळल्याने खाज आणखी पेटते. थंड पाण्यात फडकं भिजव आणि मिटल्या डोळ्यावर ठेव. मंडीतून घरी गेला की आधी तोंड धू, केस धू, मग उशीला डोकं लाव. तणसात हात घातला असेल तर तो हात डोळ्याला लावू नको. मोपेडवर चष्मा घाल, काळा नसला तरी चालेल. आणि थेंब टाकायचे तर कोणते, किती दिवस, ते डॉक्टरला विचार, दुकानदाराला नाही आणि मलाही नाही. एवढं सांगताना त्यांचे स्वतःचे डोळे खाजत असायचे. मी पाहायचो, ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहायचे, घट्ट, एकाने दुसऱ्याचं मनगट पकडून.

गेल्या उन्हाळ्यात सौसरला त्या व्याह्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. मांडव अर्थात माझा. नवरी रामाकोन्याची. वरातीची वेळ, बँड दारात, जनरेटर सुरू, माझी माणसं वायरी आणि खुर्च्या घेऊन सैरावैरा. वराच्या बापाला त्या वेळी किती कामं असतात ते ज्याने मुलाचं लग्न केलं त्याला विचारा. कोणी किल्ली मागतं, कोणी मान मागतं.

बोलीवाले रिक्षातून उतरले. नवं धोतर, नवा दुपट्टा. फाटकाशी थोडे थबकले, एवढ्या गर्दीत कुठून पाऊल टाकावं ते बघत. व्याह्यांनी त्यांना लांबूनच पाहिलं. हातातलं काम कोणाच्या तरी हातात दिलं, गर्दीतून वाट काढत आले आणि समोरून रामराम करून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन चालायला लागले. हात धरला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. नुसते डावीकडून, अर्धं पाऊल पुढे.

दोघे मांडवात शिरले. बोलीवाले यंदाच्या बहाराचं काहीतरी सांगत होते, फळ कसं धरलं, गळ किती झाली. तेवढ्यात डावीकडून माझा एक माणूस खुर्च्यांची चळत छातीशी धरून पळत आला. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. व्याह्यांनी आपलं कोपर आडवं केलं. खुर्च्यांचा लोखंडी पाय त्या कोपरावर बसला. मला लांबून आवाज आला. व्याह्यांनी ओठ मिटून घेतले, खुर्च्या दुसऱ्या हाताने बाजूला लोटल्या आणि चालत राहिले. बोलीवाले फळाची गोष्ट सांगतच होते.